बीजालाही वय असते

पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खोंड घ्यायला गेलेला कोरेगावचा शेतकरी आधी जनावराचा जबडा उघडून पाहतो. अदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला आहे, हे कळल्याखेरीज किमतीची बोलणी पुढे सरकत नाहीत. घरच्या गाईला कृत्रिम रेतन करून घ्यायचे तर वळू कोणत्या जातीचा, त्याच्या आईचे दूध किती, याची चौकशी होते. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला ‘बाएफ’ची स्थापना केली. तेव्हापासून महाराष्ट्रातील गोठ्यांना गोठीत रेताची ओळख झाली. वळूचे रेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे, शुक्रजंतूंची हालचाल पुरेशी दिसली तरच ते गोठवायचे, ही गोष्ट आता कोणाला नवलाची वाटत नाही. वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या या तालुक्यात बियाणे कोणत्या सालचे, हे विचारल्याशिवाय पेरणीही होत नाही. वय, बीज आणि उगवण यांचा संबंध ज्या समाजाला इतका नेमका कळतो, तोच समाज माणसाच्या बाबतीत मात्र हिशेबाची एकच बाजू मांडतो. मुलीचे वय मोजले जाते. मुलाचे मोजले जात नाही.

मुलगी अठ्ठावीस वर्षांची झाली की घरात चिंता सुरू होते आणि तिशी गाठली की नातेवाईक कुजबुजू लागतात. मुलगा छत्तीस वर्षांचा झाला तरी ‘पुरुषाला कसले आले वय’ या वाक्यावर विषय मिटतो. कोरेगाव, खटाव, खानापूर, तासगाव अशा तालुक्यांत आज पस्तिशी ओलांडलेले, शेती पाहणारे, निर्व्यसनी आणि तरीही अविवाहित असे तरुण गावोगाव आढळतात. वधू-वर मेळाव्यांत मुलांच्या नोंदण्यांची चळत उंच आणि मुलींची ठेंगणी, हे दृश्य सरावाचे झाले आहे. या मुलांच्या मनाची कुचंबणा हा एक स्वतंत्र विषय आहे. परंतु त्यांचे लग्न अडतिसाव्या वर्षी झाले आणि वर्ष-दीड वर्षात पाळणा हलला नाही, तर पुढे जे घडते त्याकडे अधिक गांभीर्याने पाहिले पाहिजे.

पुढे सुनेला दवाखान्यात नेले जाते. तिचे रक्त तपासले जाते, सोनोग्राफी होते, गर्भनलिकांची तपासणी होते, प्रसंगी भूल देऊन दुर्बिणीची तपासणीही होते. दवाखान्याच्या जोडीला नवससायास, उपास, गंडे-दोरे, आणि सणावाराला ओटी भरताना होणारा सूचक अव्हेर. या सगळ्यात ज्याच्या तपासणीला ना टोचणी लागते ना भूल, जिचा खर्चही या सर्वांहून पुष्कळ कमी, ती पतीची वीर्यतपासणी सर्वांत शेवटी होते. पुष्कळ घरांत ती होतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार प्रौढ लोकसंख्येत सहापैकी एकाला आयुष्यात केव्हा तरी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. अपत्य न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणासोबत उपस्थित असते, हे वैद्यकशास्त्राचे जुने निरीक्षण आहे. म्हणजे सुनेची फाईल जाडजूड होत असताना अर्धे उत्तर घरातच, तपासणीविना बसलेले असू शकते.

वयाचा पुरुषाच्या बीजावर नेमका परिणाम कसा होतो, हे समजून घेण्यासाठी स्त्री आणि पुरुष यांच्या देहरचनेतला एक मूलभूत फरक ध्यानात घ्यावा लागतो. स्त्रीची सर्व बीजांडे तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतात. तो साठा ठरलेला आणि उतरता असतो. पुरुषाच्या बाबतीत शुक्रजंतूंची निर्मिती वयात आल्यापासून वृद्धत्वापर्यंत अखंड चालू राहते. एक शुक्रजंतू घडण्यास सुमारे चौऱ्याहत्तर दिवस लागतात आणि तो परिपक्व होऊन बाहेर येईपर्यंत आणखी काही दिवस जातात. याच अखंडतेमुळे ‘पुरुषाला वय नाही’ हा समज रूढ झाला असावा. कारखाना बंद पडत नाही हे खरे, पण निघणाऱ्या मालाची प्रत तीच राहते असे नाही.

शुक्रजंतू ज्या मूळ पेशींपासून तयार होतात त्या वर्षाला सुमारे तेवीस वेळा विभागल्या जातात, आणि प्रत्येक विभाजनात संपूर्ण जनुकीय मजकूर नव्याने उतरवून काढावा लागतो. समर्थांच्या मठांतून दासबोधाच्या हस्तलिखित प्रती उतरवल्या जात. लेखनिक कितीही दक्ष असला तरी प्रतीवरून प्रत, तिच्यावरून पुढची प्रत असे होत गेले की कुठे काना सुटतो, कुठे ओळ गळते. देहातही तसेच होते. आइसलँडमधील संशोधकांनी २०१२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आईवडील आणि अपत्य यांच्या जनुकांची अक्षर-अक्षर तुलना केली. विशीतील पित्याकडून अपत्याला सुमारे पंचवीस नवे जनुकीय बदल मिळतात, तर चाळिशीतील पित्याकडून सुमारे पासष्ट. पित्याचे वय एक वर्षाने वाढले की दोन बदलांची भर. आईकडून येणारे नवे बदल त्या मानाने पुष्कळ थोडे. यातील बहुतेक बदल निरुपद्रवी असतात, हे लगेच सांगितले पाहिजे, नाही तर निष्कारण भीती पसरेल. पण एखादा बदल नेमका घातक जागी पडू शकतो. हातापायांची वाढ खुंटवणाऱ्या एका प्रकारच्या खुजेपणाचा संबंध पित्याच्या उतारवयाशी आहे, हे विसाव्या शतकाच्या मध्यालाच लक्षात आले होते.

जनुकीय बदल हा एक भाग झाला. वयाबरोबर वीर्याचे प्रमाण घटते, शुक्रजंतूंची हालचाल मंदावते आणि घडण बिघडलेल्या शुक्रजंतूंचे प्रमाण वाढते. २००१ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात तीस वर्षांच्या पुरुषांच्या तुलनेत पन्नाशीच्या पुरुषांत हालचालीतील घट तीन ते सदतीस टक्क्यांपर्यंत आढळली. हा पल्ला मोठा आहे, कारण माणसामाणसांत फरक आहे. शुक्रजंतूच्या आतील डीएनएचे धागे तुटण्याचे प्रमाणही वयाबरोबर वाढते, आणि ही तुटफूट नेहमीच्या वीर्यतपासणीत दिसत नाही. संख्या भरपूर, हालचाल समाधानकारक, तरीही गर्भधारणा लांबते किंवा होऊन टिकत नाही, अशा काही प्रसंगांमागे हे कारण असते. वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रीला ‘तिच्या पोटात मूल राहत नाही’ असे म्हणून मोकळे होणाऱ्यांनी निदान एवढे तरी जाणून घ्यावे.

ब्रिटनमधील एव्हन परिसरातील साडेआठ हजारांवर गर्भधारणांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पत्नीचे वय हिशेबात धरूनही, पंचविशीच्या आतील पतींच्या तुलनेत पस्तिशी ओलांडलेल्या पतींच्या बाबतीत वर्षभरात गर्भ राहण्याचा संभव जवळजवळ निम्मा दिसला. अमेरिकेतील चार कोटींहून अधिक जन्मनोंदींचा अभ्यास २०१८ साली पुढे आला. त्यानुसार पिता पंचेचाळीस किंवा त्याहून अधिक वयाचा असेल तर मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा धोका चौदा टक्क्यांनी वाढतो. जेरुसलेममधील जन्मनोंदींवरून २००१ साली असे दिसून आले की पंचविशीच्या आतील पित्यांच्या १४१ अपत्यांमागे एकाला छिन्नमनस्कता झाली, तर पन्नाशी उलटलेल्या पित्यांच्या ४७ अपत्यांमागे एकाला. आकडा तिप्पट झाला, आणि तरीही ४७ पैकी ४६ अपत्ये या विकारापासून मुक्त राहिली. वाक्याचे हे दोन्ही अर्धे एकत्र वाचायचे असतात. चाळिशीतील बहुसंख्य पुरुष निरोगी अपत्यांचे पिते होतात. प्रश्न आहे तो वयाबरोबर वाढत जाणाऱ्या जोखमीचा, आणि तिच्याकडे डोळेझाक करून सारे खापर स्त्रीच्या माथी फोडण्याचा.

येथे एक गैरसमज विशेष आड येतो. पौरुष आणि जननक्षमता या दोन गोष्टी एकच मानल्या जातात. एसटी स्थानकाच्या आसपासच्या भिंती ज्या ‘शक्तिवर्धक’ जाहिरातींनी रंगलेल्या असतात, त्यांचा सारा व्यापार याच घोटाळ्यावर चालतो. शरीरसंबंधाची क्षमता पूर्ण असलेल्या धडधाकट पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्रजंतू नसणे शक्य आहे. शंभर पुरुषांमागे सुमारे एकाच्या बाबतीत तसे असते. त्यात त्याच्या मर्दपणाला बट्टा लागण्याजोगे काहीही नाही, जसे चष्मा लागण्यात नसते. व्यायामशाळेत पिळदार शरीरासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांना तर याची कल्पनाही नसते की बाहेरून घेतलेल्या या संप्रेरकामुळे शरीर स्वतःची शुक्रजंतूनिर्मिती आवरते घेते, कधी कधी पार थांबवते. दंड फुगतात आणि बीज आटते. याला पौरुष म्हणायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आयुर्वेदाने या विषयात संकोच बाळगला नव्हता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज असे चार घटक गर्भधारणेसाठी सांगितले आहेत. त्यांतले एकच क्षेत्र तपासत राहायचे आणि बीजाचे नाव काढायचे नाही, ही रीत त्या परंपरेतली नव्हे. अपत्याच्या अंगातील वैगुण्याचा संबंध बीजाच्या दोषाशी जोडण्याचा विचार चरकसंहितेतही आहे. म्हणून चरकाचार्यांना आधुनिक जनुकशास्त्र अवगत होते असे म्हणण्याची घाई मात्र करू नये. त्यांनी निरीक्षण केले आणि दोष दोन्हीकडे असू शकतो असे मोकळेपणाने लिहिले, एवढ्याचाच अभिमान पुरेसा आहे. महाभारतातील पांडूची कथा घराघरांत सांगितली जाते. संतान न होण्याचे कारण राजाकडे होते, हे त्या कथेने लपवलेले नाही. मग आजच्या घरात ते लपवण्याचे प्रयोजन काय?

मराठी रंगभूमीनेही वराच्या वयाचा प्रश्न फार पूर्वी चव्हाट्यावर आणला. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले आणि जरठकुमारी विवाहाला महाराष्ट्र हसला, त्याची लाजही वाटली. त्या नाटकात अन्याय मुलीवर होता आणि तो ढळढळीत होता. आजचे अडतीस वर्षांचे नवरदेव म्हणजे भुजंगनाथ नव्हेत. तशी तुलना करणे त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांनी कोणाला विकत घेतलेले नाही, त्यांना वेळेवर स्थळच मिळाले नाही. मात्र ते का मिळाले नाही, याचे उत्तर याच दोन जिल्ह्यांच्या अलीकडच्या इतिहासात आहे आणि ते सुखावह नाही.

२००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या सातारा जिल्ह्यात ८७८ होती आणि सांगलीत ८५१. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा करणाऱ्या राज्यातले हे आकडे आहेत. त्या गणनेतील मुलगे आज पंचविशी-तिशीच्या घरात आहेत आणि वधू शोधीत आहेत. ज्या मुली त्यांच्या वधू व्हायच्या त्यांतल्या कित्येक जन्मालाच आल्या नाहीत. ज्या आल्या, त्यांच्यापैकी काहींची नावे ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी ठेवली गेली. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने अशा २८५ मुलींचे नामांतर झाले आणि त्या कार्यक्रमाची नोंद परदेशी वृत्तपत्रांनीही घेतली. उपक्रम स्तुत्यच होता. पण २८५ हा आकडा नाव बदलून घेणाऱ्यांचा. ज्यांना नावच मिळाले नाही त्यांचा पट कोठे नाही. वंशाच्या दिव्यासाठी जिने जन्म घ्यायचा तिला अडवले, आणि आता तो दिवा स्वतःच वधूवाचून वयाच्या उतारावर उभा आहे. ज्या पिढीने हे केले तिच्या मुलांच्या बीजावर त्याची किंमत वसूल होत आहे. हे विधान कठोर आहे, पण आकडे पाहिल्यावर सौम्य करता येण्याजोगे नाही.

अर्थात सारा उशीर या एकाच कारणाने होत नाही. मुलीच्या घरी शेतकरी नको, पुण्यात सदनिका हवी, हा आग्रह आहे. मुलाच्या घरी जातीतली, पोटजातीतली, पत्रिका जुळणारी, वर हुंडा आणणारी हवी, हाही आग्रह आहे, आणि त्याविषयी फार कमी बोलले जाते. मुंबई-नवी मुंबईच्या बाजारपेठांत माथाडी काम करणारे, सीमेवर तैनात असलेले, देशभर गलाईच्या धंद्यात पांगलेले या भागातले पुरुष लग्नानंतरही महिनोन् महिने घराबाहेर असतात, त्यामुळे संधीच कमी. धाकट्या बहिणीचे लग्न, घराचा स्लॅब, कर्जाची फेड असे एकेक निमित्त होऊन थोरल्या मुलाची पाच वर्षे सहज सरतात. ती पाच वर्षे फुकट मिळतात असा समज होता. तो चुकीचा आहे. जननदर घसरल्याची चिंता अलीकडे व्यासपीठांवरून वारंवार व्यक्त होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ होता, म्हणजे चिंता निराधार नाही. पण अधिक अपत्यांचे आवाहन करणाऱ्यांनी त्याआधी मुलांची लग्ने कोणत्या वयात होत आहेत हे विचारले पाहिजे. अडतिसाव्या वर्षी बोहल्यावर चढलेल्याला तीन मुलांचा उपदेश करणे म्हणजे उशिरा पेरलेल्या शेताकडून दुप्पट उताऱ्याची अपेक्षा धरणे आहे.

वयाचा भाग टाळता येत नसेल, तर त्यावर आणखी भार तरी टाकू नये. वृषणांना देहाच्या तापमानाहून दोन-तीन अंश थंडावा लागतो, म्हणून निसर्गाने त्यांना देहाबाहेर ठेवले आहे. भट्टीसमोर, बॉयलरजवळ तासन् तास काम, सतत गाडी चालवणे यांचा परिणाम होऊ शकतो. तंबाखू, धूम्रपान, मद्य, लठ्ठपणा आणि आटोक्यात नसलेला मधुमेह हे पस्तिशीनंतरचे नेहमीचे शत्रू आहेत. वृषणाच्या शिरा फुगण्याचा, व्हेरिकोसील नावाचा दोष पुष्कळांत असतो आणि त्यावर उपचार आहेत. लहानपणी नव्हे, तर वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषणाला सूज आली असेल तर ते डॉक्टरांना सांगावे. फवारणीच्या औषधांबाबतही बेफिकिरी नको. कॅलिफोर्नियातील एका कारखान्यात डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक तयार करणाऱ्या कामगारांत शुक्रजंतू नाहीसे झाल्याचे १९७७ मध्ये उघड झाले होते, आणि ते उघड झाले तेही कामगारांनी आपसांत ‘आपल्यापैकी कोणालाच मूल का होत नाही’ अशी चर्चा केल्यामुळे. पुरुष या विषयावर बोलले तर काय निष्पन्न होते, याचे ते उदाहरण.

प्रत्यक्ष तपासणी साधी आहे. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर नमुना द्यायचा आणि तो तासाभराच्या आत प्रयोगशाळेत पोहोचायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार प्रति मिलिलिटर १ कोटी ६० लाख शुक्रजंतू आणि ४२ टक्के हालचाल या खालच्या मर्यादा समजल्या जातात. मात्र हे परीक्षेतले उत्तीर्णतेचे गुण नव्हेत. त्याखालचेही पिते झाले आहेत आणि त्यावरचेही ताटकळले आहेत. एका अहवालावर निर्णय होत नाही. ताप येऊन गेला असेल तर त्याची छाया पुढचे दोन-तीन महिने राहते, म्हणून काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. तंबाखू सोडल्याचा किंवा उपचारांचा गुणही तीन महिन्यांनीच दिसतो, कारण नवे पीक यायला तेवढा काळ लागतोच.

परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी परीक्षानळीतील गर्भधारणेतून बालिका जन्मली. त्यानंतरच्या काळात हे शास्त्र फार पुढे गेले आणि आता एकच शुक्रजंतू बीजांडात टोचूनही गर्भ रुजवता येतो. तरीही जुन्या झालेल्या बीजातील जनुकीय चुका या तंत्राने दुरुस्त होत नाहीत. २०२१ च्या साहाय्यक जननतंत्रज्ञान कायद्याने उपचार घेणाऱ्या स्त्रीसाठी पन्नास वर्षांची आणि पुरुषासाठी पंचावन्न वर्षांची मर्यादा घातली आहे. पुरुषाला वय असते, हे निदान कायद्याने मान्य केले.

घराने ते मान्य करायचे तर पुढाकार सासऱ्याने घ्यायला हवा, कारण सून हा विषय काढू शकत नाही आणि मुलगा काढत नाही. लग्नाला वर्ष होऊन गर्भ राहिला नसेल, किंवा सुनेने पस्तिशी ओलांडली असेल आणि सहा महिने झाले असतील, तर दोघांना एकत्र साताऱ्याला किंवा पुण्याला पाठवावे, आणि तिच्या अंगाला सुई लागण्यापूर्वी मुलाचा नमुना प्रयोगशाळेत गेलेला असावा.